सगळ्यात हळू चालणारा

बसल्या जागेवरून माणसं चालवणारा माणूस तुम्ही कधी पाहिलाय का?

एका कचेरीत नकाशे काढणारा एक गृहस्थ होता. अर्धांगाचा झटका आला आणि त्याची उजवी बाजू गेली. हात मांडीवर पडून राहायचा, पाय मागून ओढला जायचा. एक पाऊल, मग फरफट. बाहेर जाणं सुटलं, तसा तो कॉम्प्युटरवरच्या लढाईच्या खेळात रमला. त्यात वरून सगळं रान दिसतं, आपली माणसं मुंगीएवढी दिसतात, आणि कुणी कुठे जायचं ते आपण सांगायचं असतं. डाव्या हाताने तो आकड्यांची बटणं दाबायचा. माउस बायको धरायची. ती घरी शिवणकाम करायची. मशीन थांबवून, गळ्यातली टेप न काढताच शेजारी येऊन बसायची.

सुरुवातीला ती एकेका शिपायामागे माउस घेऊन धावायची. तो चिडायचा नाही. म्हणायचा, घरातही तू अशीच धावतेस, म्हणून दमतेस. माणसांना आकडा दे. आकडा दाबला की त्यांच्या पायाखाली हिरवं कडं उजळतं, म्हणजे ती आता तुझं ऐकताहेत. जागा दाखव आणि सोडून दे. पुन्हा पुन्हा टिचकी मारून कुणी लवकर पोचत नाही. आणि एका आकड्यात पुष्कळ जण असले, तर सगळ्यात हळू चालणाऱ्याच्या चालीने बाकीचे चालतात, अगदी घोडेस्वारसुद्धा. म्हणून लंगड्याला गटात घ्यायचं नाही, असं म्हणून तो स्वतःच्या पायाकडे बघून हसायचा.

सराव झाल्यावर त्याने त्या खेळात आपलाच परिसर उभा केला. नकाशे काढण्यात जन्म गेलेला माणूस. गल्ली, फाटक, ओढ्यावरचा पूल, शाळा, सगळं जागच्या जागी. एक आकड्यावर बायको. दोनवर मुलगी, पिवळ्या कपड्यांतली.

"घरात ऐकते तेवढं पुरत नाही वाटतं?" बायको म्हणाली. "आणि तुम्ही कुठे आहात यात?"

"हुकूम देणारा नकाशावर नसतो गं."

मुलीवर त्याचा भारी जीव. ती चौदा वर्षांची, पण शाळेतून कधी चालत आली नाही, पळतच यायची. शाळा सुटायच्या सुमारास तो दोन दाबायचा, बायको माउसने घर दाखवायची, आणि थोड्या वेळाने खरंच फाटक वाजायचं. नवराबायको हसायची.

थंडी सुरू झाली आणि तो गेला. बाईने कॉम्प्युटरवर जुनी चादर टाकली.

मग एका संध्याकाळी मुलगी आलीच नाही. शाळेत नाटकाची तालीम होती खरी, पण शेजारची मुलं परत येऊन हातपाय धुऊन अभ्यासाला बसली होती. बाहेर धुकं उतरत होतं. बाईने फाटकापर्यंत चकरा मारल्या. शेवटी तिला आठवलं, वर्गशिक्षिकेचा फोन नंबर कॉम्प्युटरमध्ये आहे. तिने चादर काढली, बटण दाबलं.

पडदा उजळला तो थेट त्या नकाशावर. तिथेही धुकं होतं. त्याने कधी धुकं काढलं नव्हतं.

पुलाचा कठडा एके ठिकाणी तुटलेला होता, खऱ्या पुलाचा होता तसाच. त्या फटीत पिवळी आकृती उभी होती. पुढचं पाऊल पाण्यातच पडलं असतं.

बाईने विचार केला नाही. बोटांना सवय होती. दोन दाबलं, घर दाखवलं. आणि मग तिचं लक्ष गेलं... हिरवी कडी दोन उजळली होती. एक पिवळीच्या पायाखाली. दुसरं तिच्या अगदी जवळ, एका करड्या, एका अंगाला कललेल्या आकृतीखाली.

दोघं निघाली. पिवळी थोडी सरकायची, थांबायची. पुन्हा सरकायची. बाई टिचकीवर टिचकी मारत राहिली. काही फरक पडला नाही.

ती तशीच फाटकाकडे धावली. धुक्यात ओल्या मातीचा वास दाटला होता. बराच वेळ काही नाही. मग आवाज आला. एक पाऊल... मग फरफट.

धुक्यातून मुलगी आली. एकटीच. दप्तर पाठीवर, बूट कोरडे.

"कुठे होतीस गं?"

"पुलावर. उभी होते."

"कशाला?"

"माहीत नाही... मग तू बोलावलंस."

बाईने तिला कवेत घेतलं, ओढतच आत आणलं आणि दार लोटायला वळली. मुलीने तिचा हात धरला. बोटं बर्फासारखी गार.

"थांब ना आई," ती हळूच म्हणाली. "त्यांना उंबरठ्याशी वेळ लागतो."

मुलगी जेवून झोपली. बाई पुन्हा पडद्यासमोर बसली. घराच्या चौकोनात दोघं शेजारी होती. तिने फक्त मुलीवर टिचकी मारली. दोन्ही कडी उजळली. मुलीला वेगळा आकडा दिला, तरीही दोन्ही उजळली. मग तिने मन घट्ट केलं. शेवटपर्यंत ज्याची पाठ पुसली, ज्याला घास भरवला, त्या करड्या आकृतीला तिने पूल दाखवला. "जा हो आता," असं तोंडातल्या तोंडात म्हणाली.

आतल्या खोलीत खाट करकरली. मुलगी उठून उभी राहिली होती. डोळे मिटलेले, तोंड दाराकडे.

बाईने धडपडत घर दाखवलं. मुलगी पुन्हा आडवी झाली. तेव्हा बाईने वायरच उपटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी नेहमीच्या वेळी दप्तर घेऊन निघाली. उजवा हात कोपरात वाकवून तिने जरा पुढे धरला होता, कुणी आधाराला धरावा तसा. ओढ्यापलीकडून शाळेची घंटा ऐकू आली, तेव्हा ती अजून फाटकापाशीच पोचत होती.