कोंडवळ उजाड आहे

देशाचा नकाशा क्षणोक्षणी नव्याने काढला जाई आणि तो काढायला कुणी माणूस बसत नसे. प्रत्येकाच्या खिशातला फोन उपग्रहांच्या संदेशांवरून आपली जागा ठरवायचा आणि मुख्य यंत्राला कळवायचा. अशा कोट्यवधी ठिपक्यांतून वाटा, वस्त्या, शेतं आपोआप आखली जात. याला ‘चालता नकाशा’ म्हणत. साखळी घेऊन बांधावर घाम गाळणारे मोजणीदार गेले, तंटे मिटले, सगळे खूश होते. रुग्णवाहिका या नकाशावर धावत, धरणांचे दरवाजेही त्याच्याच हुकमाने उघडत. धरण भरलं की पाणी कुठे सोडायचं याचं उत्तर सोपं होतं. जिथे माणूस नाही तिथे.

डॉ. शलाका नेवरेकर हा नकाशा घडवणाऱ्यांपैकी एक. त्या सकाळी तिला कोंडवळ हे कोकणातलं गाव राखाडी दिसलं. राखाडी म्हणजे उजाड. तिथले सगळे ठिपके व्हाळाच्या, म्हणजे गावच्या ओढ्याच्या, पलीकडल्या मोकळ्या माळावर जमले होते आणि माळाला यंत्राने वस्तीचा रंग दिला होता. घाटात अवकाळी वादळ होऊन वरचं धरण काठोकाठ भरलेलं. ती कामासाठी जवळच उतरली होती, तिने तशीच गाडी काढली.

माळावर जत्रा भरली होती जणू. माडाच्या झावळ्यांच्या खोपी, गुरं, कोंबड्या, कुत्री, पेटलेल्या चुली. देवाला गावाचं गाऱ्हाणं घालणारे अर्जुन घाडी एका चुलीपाशी बसले होते.

“काका, गाव का सोडलंत?” शलाकाने विचारलं.

“सोडूक नाय, बाय. गावपळण ही. तीन वर्सांनी एकदा तीन दिस गाव देवाक द्यायचो. कोंबडीचा पिल्लू पण मागे ठेवायचा नाय. मगे देवान कौल दिलो, की परत घराक.”

“आणि फोन?”

“माणसांबरोबर फोन येतलेच मा!”

शलाकाने डोक्याला हात लावला. नियम करताना तिने लग्नं धरली होती, यात्रा धरल्या होत्या. पण तेव्हा घरी कुणीतरी राहतंच. सगळा गाव आपणहून रिकामा होतो, हे कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

“काका, दोन दिवस एकही फोन दिसला नाही की यंत्र ती जागा उजाड धरतं. आज दुपारी धरणाचं पाणी तुमच्या घरांवर सोडणार आहेत.”

घाडींनी हातातली विडी चुलीत टाकली. “मगे फोन करून थांबव त्येंका!”

“धरणावर माणूस नाही. माणसं वशिल्याने दरवाजे उघडायची, म्हणून आम्हीच ती चावी काढून घेतली.”

“तर मी जावन उभो ऱ्हवतंय घरात. फोन घेवन.”

“उपयोग नाही. फोन थोडाफार चुकतोच, झाडांखाली जास्त. म्हणून उजाड जागी एखादाच ठिपका दिसला, तर यंत्र ती चूक समजतं आणि त्याला जवळच्या वस्तीत आणून बसवतं. त्याला आम्ही ‘ओढ’ म्हणतो.”

“चुकार वासरू कळपात हाकलतत, तसा.”

“अगदी तसंच.”

“आणि आख्खो कळपच चललो तर?”

शलाकाचा चेहरा उजळला. “तर यंत्राला ऐकावंच लागेल! सगळे चला. एकदम चला. एकही फोन मागे नको.”

पण कौल मिळाला नव्हता. एक म्हातारी ओरडली, “कौल नसताना शीव ओलांडलास, तर गावचो राखणदार देव सोडूचो नाय!” घाडींना ते कळत होतं. आयुष्यभर त्यांनीच इतरांना हे बजावलं होतं. शेवटी ते उठले. “घरां बुडाली तर देवाक तरी छप्पर खंय? चला. पाप माझ्या माथ्यार.”

घोट्याएवढ्या पाण्यातून व्हाळ ओलांडून सगळा गाव शलाकाच्या मागे निघाला. देवळापुढे सगळे फोन उंच धरून उभे राहिले. अंगणांत पाचोळा साचला होता.

शलाकाने नकाशा उघडला. कोंडवळ राखाडीच होतं. यंत्राला वेळ लागत असेल, असं म्हणून ती थांबली. पुन्हा पाहिलं. सगळे ठिपके माळावरच होते. तिचा स्वतःचा ठिपकाही तिथेच होता, घाडींच्या चुलीपाशी.

मग तिला आठवलं. एकदा सौर वादळात उपग्रहांचे संदेश बिघडून एक अख्खं शहर समुद्रात सरकलेलं दिसलं होतं. त्यानंतर तिनेच नियम घातला होता. वस्तीतले सगळे फोन एकाच वेळी, एकाच दिशेने उजाड जागी सरकले, तर माणसं चालली असं मानायचं नाही. उपग्रह चुकला असं मानायचं आणि सगळ्यांना होते तिथेच ठेवायचं. माळावर येताना एकेक घर गुरं, गाठोडी घेऊन दिवसभर निघत होतं, म्हणून यंत्राने ते खरं धरलं. परत येताना मात्र तिने सगळ्यांना एकदम आणलं होतं.

“काय म्हणता तुझो नकाशो?” घाडींनी विचारलं. “दिसतंव मा आमी?”

“दिसताय,” शलाका कशीबशी म्हणाली. “सगळे. माळावर.”

वर धरणाचा भोंगा वाजला. लोक मागे धावले, पण व्हाळात आता गढूळ लोंढा उसळत होता आणि पलीकडे जायला दुसरी वाट नव्हती. पलीकडच्या माळावर चुली अजून धुमसत होत्या, माणूस एकही नव्हता. नकाशाच्या हुकमाप्रमाणे पाणी त्या माळाला वळसा घालून गावाकडे येत होतं.