हरसूलच्या बाजारचा टेम्पो

आरोग्य केंद्राची जीप त्या दुपारीही सुरू झालीच नाही, तेव्हा सुवर्णा सिस्टर रस्त्यावर येऊन उभी राहिली. समोरून हरसूलच्या बाजारातून परतणारा रिकामा टेम्पो आला. तिनं हात केला.

"नाशिकला बाळ न्यायचंय. दिवस भरायच्या आधी झालंय, फार लहान आहे."

चालवणारा अमोल मखमलाबादचा, भाजी पिकवणाऱ्या घरातला. काही न विचारता त्यानं दार उघडलं. बाळाचा बाप, बहिरू, मागे भाजीच्या रिकाम्या पाट्यांत बसला. बाळाच्या आईला, ठमाला, सुवर्णानं पुढे बसवलं, बाळ तिच्या उघड्या छातीशी धरलं आणि वरून शाल गुंडाळली. जानेवारीची थंडी काचांतून आत येत होती. अमोलनं स्वेटर काढून पुढे केला.

"हळू घेऊ की जोरात?"

"जोरात. पण धक्के नकोत."

"सिस्टर... एक काहीतरी मागा ना."

तिला हसू आलं नाही, पण तिनं वळून त्याच्याकडे पाहिलं.

"जगंल ना पोर?" ठमानं विचारलं.

"ऊब सोडू नकोस," सुवर्णा म्हणाली. त्यापुढचं वचन द्यायचं तिनं केव्हाच बंद केलं होतं.

नाशिकच्या सरकारी दवाखान्यात बाळाला काचेच्या पेटीत जागा मिळाली. सुवर्णा बाहेर येऊन पायरीवर बसली. अमोलनं चहा आणून शेजारी ठेवला.

"मागच्या महिन्यात जीपची वाट बघताना एक बाळ माझ्या मांडीवरच गार झालं," ती म्हणाली.

त्यानं समजूत घातली नाही. चहा निवेपर्यंत नुसता बसून राहिला... आणि तेच तिला बरं वाटलं.

ठमाचं बाळ जगलं. पुढे दर बाजाराच्या दिवशी टेम्पो केंद्रापाशी थांबू लागला.

"गाडी लागणार आहे का?"

"आज नाही."

"मग चहा?"

कधी टेम्पो खरंच लागायचा. एकदा, भर पावसाळ्यात, तरीही बाळ वाचलं नाही. त्या दिवशी दोघं घाटात थांबून बराच वेळ नुसती धुक्याकडे बघत राहिली.

दिवाळी सरली आणि केंद्राला नवी रुग्णवाहिका आली. सुवर्णाला वाटलं, आता हा कशाला येईल? पण टेम्पो आलाच.

"गाडी मिळाली आम्हाला," ती म्हणाली.

"बघितली. चांगली आहे."

"मग आता का थांबलात?"

"तुमच्यासाठीच थांबायचो... आधीही."

ती भिंतीला टेकली. "मी फार दमलेली असते, अमोल. घरी आल्यावर बोलायचंही त्राण नसतं."

"मग नका बोलू. मी काय, भाज्यांशीसुद्धा बोलतो."

"नोकरी सोडणार नाही. सणावारीही ड्युटी असते. तुमच्या आईला चालेल?"

"आईला सांगितलंय."

"कधी?"

"पाडव्याला."

"मला न विचारता?"

"विचारणार होतो... तुम्ही ड्युटीवर होतात."

सुवर्णा हसली, दमल्यासारखीच, पण मनापासून. तेवढ्यात फाटकातून बैलगाडी आत आली. गाडीत एक बाई कण्हत होती. सुवर्णा पदर खोचत वळली, चार पावलं गेली आणि थांबली.

"वेळ लागेल मला. थांबशील?"

तिनं पहिल्यांदाच त्याला 'तुम्ही' सोडून एकेरीत विचारलं होतं. अमोलनं टेम्पो बंद केला, किल्ली खिशात टाकली आणि बाईला उतरवायला हात देण्यासाठी सुवर्णामागे निघाला.