पुलाच्या आतला बर्फ

पूल म्हणजे माणसाने निसर्गावर मिळवलेला विजय, असं आमच्या व्हरमाँट राज्यातल्या शाळांत शिकवतात. आमच्या हॅरो गावाने हा विजय असा मिळवला होता: बर्फ साचून फळ्या कुजू नयेत म्हणून पुलाला भिंती आणि छप्पर घातलं, आणि मग दर हिवाळ्यात एक माणूस नेमला, बाहेरचा बर्फ फावड्याने पुलाच्या आत आणून टाकायला. कारण कोरड्या फळ्यांवर घोड्याची घसरगाडी घसरत नाही. यात कुणाला काही विचित्र वाटत नसे.

पुढे मोटारी आल्या, घसरगाड्या कोठारांत गेल्या, आणि नेमलेला माणूसही गेला. मोठ्या पुरात पूल एका अंगाला कलला, तेव्हापासून मोटारीही खालच्या रस्त्याने जाऊ लागल्या. तरी पुलात दर हिवाळ्यात बर्फ टाकलेला असायचाच. तो टाकायची थर्झा कॉब. अख्खं गाव तिला मावशी म्हणायचं. तिचं घर पलीकडच्या तीरावर, पुलाच्या तोंडासमोर.

तिचा नवरा आसा पंचवीसएक वर्षांपूर्वी गिरणीवरून घरी येताना भर दुपारी घसरगाडी घेऊन गावाच्या बाजूने पुलात शिरला. शिरताना लोहाराने पाहिला. मावशी पलीकडे दारात उभी होती. तिला घुंगरांचा आवाज पुलात आलेला ऐकू आला. तो बाहेर आलाच नाही. खाली नदी गोठलेली, बर्फाला साधा तडासुद्धा नव्हता. आसा बॉस्टनला पळून गेला, असं गावाने सर्वानुमते ठरवलं. घोडा आणि गाडीसकट तो पुलातून कुठून पळाला, हा प्रश्न कुणी काढला नाही. आमच्याकडे शेजाऱ्याच्या भानगडीत फार खोल शिरत नाहीत.

मी गावच्या तीन पंचांपैकी एक. माझं जनावरांच्या दाणावैरणीचं आणि किराण्याचं दुकान आहे. त्या जानेवारीत मी आणि हार्लन स्टाइल्स, दुसरा पंच, पुलाची मापं घ्यायला गेलो. नदी गोठलेली असतानाच पूल पाडून काँक्रीटचा बांधायचा, असा आमचा विचार होता. फक्त मार्चमधल्या गावसभेने हात वर करायचे बाकी होते.

बाहेर झोंबणारा वारा होता. आत पाऊल टाकलं आणि तो थांबला. जुन्या गवताचा आणि घोड्यांचा वास, फळ्यांच्या फटींतून आलेल्या उजेडाच्या तिरप्या पट्ट्या, वर एकमेकींत गुंतलेल्या तुळया. पलीकडचं तोंड दूर एका पांढऱ्या चौकोनासारखं दिसत होतं. मी चर्चमध्ये टोपी काढायची वेळ आली तरी आढेवेढे घेणारा माणूस. तिथे माझा हात आपोआप टोपीकडे गेला. हार्लनने पाहिलं, म्हणून मी डोकं खाजवलं.

"हार्लन, खाली बघ," मी म्हणालो.

बर्फात घसरगाडीच्या पट्ट्यांचे दोन चर होते, मध्ये घोड्याच्या नालांचे ठसे. ते पुलाच्या मध्यावर सुरू होत होते आणि थोडं पुढे संपत होते. अलीकडे काही नाही, पलीकडे काही नाही.

"कुणीतरी टिंगल केलीये."

"घोडा आणून?"

"उचलून," हार्लन म्हणाला, आणि मापाची फीत गुंडाळायला लागला. मापं अर्धी राहिली होती.

पलीकडे मावशी फावडं घेऊन उभी होती.

"मावशी, हे काय आहे?" मी विचारलं.

"आसा." बाहेर किती थंडी आहे ते सांगावं तसं तिने सांगितलं. "त्या दिवशी आत बर्फ टाकायचा राहून गेला होता. गाडी अडकली. अडकलेली गाडी जाणार कुठे?"

"आणि इतकी वर्षं?"

"मी काय यंत्र आहे? एकटीने टाकायचा, नि तुमच्या मोटारींनी त्याचा चिखल करायचा. पूर आला ते बरं झालं."

"गावात म्हणतात—"

"बॉस्टन. ठाऊक आहे. ते तोंडावर म्हणतात, मागे काय म्हणत असतील." तिने पुलाच्या तोंडाकडे पाहिलं. "सरकतोय तो. रोज हातभर. सभेच्या आधी पुलाला हात लावू नका. पाडलात तर त्याने बाहेर यायचं कुठून?"

हार्लन परत जाताना म्हणाला, "म्हातारी कामातून गेली." तो खालच्या रस्त्याने गेला. लांब पडतो तो.

मी दर रविवारी प्रार्थनेनंतर पुलात जाऊ लागलो. पंच म्हणून, असं मी बायकोला सांगितलं. प्रत्येक वेळी चर पुढे गेलेले असायचे. एकदा शेवटच्या ठशापाशी उभा राहिलो, तर माझ्या चेहऱ्यासमोरची हवा उबदार झाली. मग गार. पुन्हा उबदार. घोडा सावकाश श्वास घेतो. मी तिथे किती वेळ उभा होतो ते सांगता येणार नाही. भीती वाटायला हवी होती. मला आपला आवाज होऊ नये एवढंच वाटत होतं.

फेब्रुवारीच्या शेवटी हवा फिरली. पाऊस पडला, रस्ते चिखलाने भरले, उतारांवरचा बर्फ गेला. सभा मंगळवारी होती. सोमवारी दुपारी मी गेलो, तेव्हा चर पलीकडच्या तोंडापासून दहाएक पावलांवर थांबले होते, आणि पुढे कोरड्या फळ्या होत्या.

मावशी रानातल्या सावलीतला उरलासुरला बर्फ हातगाडीवर ओढून आणत होती. तिचे गुडघे धरले होते.

"बघत काय उभा राहिलास? पंच झालास म्हणजे फावडं धरता येत नाही का?"

मी फावडं घेतलं. संध्याकाळ व्हायच्या आत आम्ही शेवटच्या फळीपर्यंत बर्फ पसरला आणि भिंतीला टेकून उभे राहिलो.

वरच्या तुळया एकामागून एक कुरकुरल्या, जड काहीतरी खालून जाताना कुरकुरतात तशा.

आमच्यासमोर बर्फात एक नाल उमटला.

मग दुसरा.

मागून दोन चर, हळू, सरळ. पुलावर घोडा दौडवायला मनाई आहे. तशी पाटी अजून पुलाच्या तोंडावर आहे, आणि तिचं पालन होत होतं.

मला दिसलं काहीच नाही. फक्त पलीकडचा पांढरा चौकोन क्षणभर झाकल्यासारखा अंधारला, आणि पुन्हा उजळला.

मावशीने हात पुढे केला, लगाम धरावा तसा.

"किती उशीर," ती म्हणाली. आणि हात तसाच धरून चिखलातून घराकडे चालत गेली. घोड्याला जागा सोडून चालतात तशी, रस्त्याच्या कडेने.

मंगळवारी सभा भरली. बायकांनी उकडलेल्या शेंगदाण्यांसारखे मऊ शिजलेले घेवड्याचे दाणे आणि तळलेले डोनट आणले होते. पुलाचा विषय निघाला तेव्हा सगळ्यांनी मावशीकडे पाहिलं. तिने भांडायला उठावं म्हणून काही जण जागा धरून बसले होते. हार्लनने विचारलं, "पाडायच्या बाजूने कोण?"

पहिला हात तिचाच होता.

"मावशी, नक्की ना?" हार्लन म्हणाला.

"पाडा. खिळे वाया घालवू नका, चांगले आहेत."

सभेनंतर ती माझ्या दुकानात आली. घोड्यासाठी ओटचं एक पोतं घेतलं आणि दाढीच्या साबणाची एक वडी मागितली. तिला हवा होता तो साबण बंद होऊन कैक वर्षं झाली होती. मी दुसरा दिला.

शुक्रवारी तिने साबण परत आणला. म्हणाली, याचा वास चालत नाही. वडीला एक आखूड, जाड, काळा केस चिकटलेला होता.

मी तिला सांगितलं, की वापरलेला माल आम्ही परत घेत नाही.