सुकती लागली

एप्रिल १९८४. परीक्षा आटोपल्या होत्या, त्यामुळे रत्नागिरीच्या कॉलेजातली जीवशास्त्राची प्रयोगशाळा मला आठवडाभर मोकळी मिळाली. मी पदार्थविज्ञानवाला, तोही कागदावरचा. रक्तातल्या तांबड्या पेशीचा पापुद्रा सतत थरथरतो. ही थरथर निव्वळ उष्णतेची, जिवाचा तिच्याशी काही संबंध नाही, हे मी तीन वर्षं घासून गणिताने मांडलं होतं. आता फक्त डोळ्यांनी पाहायचं होतं.

रक्त दिलं शिपाई भिकाजीने. मिऱ्याच्या किनाऱ्यावरचा, पन्नाशीचा माणूस. येत्या रविवारी त्याच्या लेकीचं, मैनाचं लग्न होतं. बोट टोचून घेतानाही तो मांडवाचंच बोलत होता.

सोमवारी दहा वाजून दहा मिनिटांनी सूक्ष्मदर्शकाखाली पेशींच्या कडांची थरथर थांबली. खिडकीशी उभा असलेला भिकाजी म्हणाला, "सुकती लागली, सायब."

मी सांगलीचा. काच सुकतेय असं समजून तिच्या कडांना व्हॅसलीन लावलं. पण काच ओलीच होती. तापमानही सकाळचंच, एकोणतीस.

मंगळवारी ताजा थेंब अकराला थांबला. बुधवारी पावणेबाराच्या पुढे. शेजारच्या काचेवर माझं रक्त मात्र दिवसभर थरथरत राहिलं.  उष्णता काय माणूस बघून वागते?

संध्याकाळी बंदरावर मासे घेताना कळलं, सुकती म्हणजे ओहोटी, आणि ती रोज पाऊणएक तास उशिरा लागते.

गुरुवारी मी भिकाजीला सगळं सांगून टाकलं. त्याला नवल वाटलं नाही. बाप, भाऊ, दोघेही ओहोटीतच गेल्याचं त्याने सांगितलं. "आमच्या घरातली मानसा सुकतीतच जातत." मग त्याने विचारलं, घरात सुतक पडलं तर लग्न पुढे ढकलावंच लागतं ना? मी हसून विषय बदलला. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

शुक्रवारी सकाळी नऊला भरती चढत होती. त्याचं बोट पिळून पिळून थेंब काढावा लागला.

कडा हलत नव्हत्या.

आणखी दोन थेंब घेतले. तेही निश्चल.

मी त्याचं मनगट धरलं. बोटं दाबली. जागा बदलली. मग दुसरं मनगट धरलं.

भिकाजी माझ्या तोंडाकडे बघत होता.

"नाडी कालच्या सुकतीत गेली, सायब," तो हळूच म्हणाला. "रविवारपर्यंत घरात कुनाला सांगू नका."