पद्माकररावांची दुपार

“माझ्या सुनेला फाशी होईल हो, मालतीताई,” शैलाबाई दारातच म्हणाल्या. श्रीधररावांनी आपल्यासाठी केलेला चहा त्यांच्यापुढे ठेवला.

विलायतेत वकिली शिकलेली त्यांची बायको मालतीबाई निवृत्तीनंतर या परदेशी शहरातल्या मराठी लोकांची कोडी सोडवायची. श्रीधरराव चहा करायचे.

शैलाबाईंचे अंथरुणाला खिळलेले यजमान पद्माकरराव मंगळवारी गेले. मॉर्फीन जास्त झालं होतं. मृत्यू चार ते सहाच्या दरम्यान, असं डॉक्टर म्हणाले. मुलगा दूर जहाजावर. साडेचारपासून फ्लॅटमध्ये सून नीता एकटी. पोलिसांनी तिचा पासपोर्ट काढून घेतला होता.

नीतानं काही लपवलं नाही. “‘सुटले तर बरं,’ म्हणाले होते मी. वन-नॉर्थमधल्या ऑफिसची नोकरी, वर अंथरुणं बदलायची. वैताग येतो हो, मावशी.”

“आणि मंगळवारी?”

“मी दुपारभर कॉलवर. साडेचारला आई देवळात निघाल्या, ‘झोपलेत, उठवू नकोस’ म्हणाल्या. सहाला पाहिलं तर गार. लगेच आईंना फोन केला.”

“हिनंच केलं,” लिफ्टमध्ये श्रीधरराव कुजबुजले. “इच्छा होती ना!”

“इच्छा तर मलाही होते, तुम्ही घोरता तेव्हा.”

शैलाबाईंची शेजारीण मीनल सेरंगून रोडच्या देवळात भेटली. “पाचला आल्या शैलामावशी. एरवी स्वतःच कपाळ पुढे करतात. त्या दिवशी मी कुंकवाचं बोट नेलं, तर मागे सरल्या. दमल्या होत्या बिचाऱ्या. सहाला माझ्यासमोरच फोन आला.”

संध्याकाळी मालतीबाईंनी सासूसुनेला समोर बसवलं.

“माणूस गेला, दुसऱ्याच्या हातून गेला, कायद्याची मुभा नसताना गेला. पण खून ठरतो हेतूवर. विलायतेत काय, इथे काय. नीताला सुटका हवी होती. हवं असणं म्हणजे हेतू नव्हे. उलट मायेनं मारलं, तरी मारायचंच होतं, म्हणजे हेतू आलाच. शैलाताई, ते गेल्याचं सहाला कळलं. मग पाचला कुंकू का नाकारलंत?”

एकदा तरी हिचं चुकावं, असं श्रीधररावांना वाटलं.

“औषध दिलं नि तासभर त्यांचा हात धरून बसले होते,” शैलाबाई म्हणाल्या. “श्वास थांबला, मग निघाले. देवापुढे सवाष्ण म्हणून कशी उभी राहू? रोज म्हणायचे, गावच्या घरी ने. कशी नेणार होते? अस्थी गावी सोडून येईन नि सगळं कबूल करीन, असं ठरवलं होतं. तोवर हिला वाचवा, एवढंच मागायला आले. आता त्यांना कोण नेणार?”

“मी नेईन,” नीता म्हणाली. “पण मला रस्ता माहीत नाही, आई.”

“दापोलीला उतर. तिथून हर्णैची गाडी. बंदराच्या अलीकडे सुरूची झाडं लागतात, तिथं चप्पल काढ...”

मालतीबाई फोन हातात धरून थांबल्या. शैलाबाई रस्ता सांगत पाण्यापर्यंत पोचल्यावरच त्यांनी पोलिसांचा नंबर लावला.