चुन्याचं बोट

टॉर्च बंद कर गजेंद्रा, बॅटरी कायले जाळतं? अंधारात ऐकवत नसन तर घरी जा. मी काही पुस्तकातली गोष्ट नाही सांगून राहिलो. चिचगडचा उदेभान, माह्यासंगं तेंदूपत्ता तोडाले असे, त्याच्यावर गुजरलेली गोष्ट होय. माणूस थापाड्या नाही. थापा मारायले अक्कल लागते, ते त्याच्यापाशी नाही.

साल दोन हजार पंचवीस, मार्चची सत्तावीस तारीख, गुरुवार. उदेभानची पोरगी रीना गोंदियाच्या एका दवाखान्यात बाळंतपणासाठी भरती होती. जावई कामाले हैदराबादले. डॉक्टरीण म्हणाली, पहाटेपर्यंत पाहू, नाहीतर ऑपरेशन करावं लागेल, सही कराले तुम्ही हजर राहा.

संध्याकाळी हा चहा प्याले दवाखान्यामागच्या मोहल्ल्यात गेला. रमजान सुरू होता. दोन्ही अंगानं शेवयाच्या फेण्या, खजूर, अत्तर, टोप्या. असा बाजार त्यानं जन्मात पाहिला नव्हता. तेवढ्यात रोजा सुटायचा भोंगा झाला, अन् सारा बाजार खाली बसला. एका फेणीवाल्यानं ह्यालेही खजूर देऊन जवळ बसवलं. त्याच्याच तोंडून मुनव्वर चाचाचं समजलं. म्हातारा पहाटे काठी आपटत फिरे, सहरीसाठी, म्हंजे रोज्याआधीच्या जेवणासाठी, लोकायले उठवे. एका दारी एकच हाक. आतून ओ आली की दारावर चुन्याचं बोट लावून पुढं जाय. नाही आली तर फेरी मारून परत येय. कोरोनात गेला बिचारा. आता सगळे मोबाईलवर उठतात.

उदेभान हसला. म्हणे, आमच्या जंगलात तं उलटं आहे. रातची एकच हाक आली तर ओ द्यायची नाही. माणूस तीनदा बोलावते, भूत एकदाच.

पहाटे साडेतीनले नर्सनं गरम दूध आणाले सांगितलं. लवकर या, म्हणाली. रमजानची सत्ताविसावी, जागरणाची रात, बाजार अजून जागाच होता. ह्यानं डब्यात दूध घेतलं अन् जवळचा रस्ता म्हणून डावीकडच्या बोळीत शिरला. पन्नास पावलांची बोळी.

बोळी संपेचना.

निळं दार लागलं. मग हातपंप. मग भिंत. मग... निळं दार. मागं बाजाराचा आवाज नव्हता. मोबाईलमध्ये तीन चाळीस. पळत सुटला. हातपंप. भिंत. निळं दार. मोबाईलमध्ये तीन चाळीस.

मग काठी वाजली. ठक... ठक...

"उदेभान, जाग रहे हो?"

त्यानं तोंडावर हात दाबला. दुसऱ्या हाकेची वाट पाहिली. नाही आली. काठी पुढं गेली. दिसलं कोणीच नाही.

निळं दार. हातपंप. भिंत. अन् मागून परत... ठक.

"उदेभान, जाग रहे हो?"

किती फेऱ्या झाल्या, त्याले आजही सांगता येत नाही. डब्यातलं दूध निवलं. ओ दिली तर आपण गेलो. नाही दिली तर तिकडं पोरीपाशी सही कराले कोणी नाही. हातपंपाजवळ खाली बसला अन् रडला. मले सांगतानाही रडला.

काठी जवळ आली. थांबली. हाक आली.

उदेभाननं डोळे मिटले.

"जागा आहो, चाचा."

...

कपाळाशी चुन्याचा वास आला. बस. डोळे उघडले तर समोर दवाखान्याचं गेट होतं.

नर्स त्यालेच शोधून राहिली होती. त्यानं सही केली. पाच वाजून दहा मिनिटांनी नात झाली. दोघीही सुखरूप.

दुपारी रीना शुद्धीवर आली. पहिलंच बोलली, "बाबा, रातच्याले तुमी मले एकदाच काऊन हाक मारली?"

त्यानं खुर्ची जवळ ओढली.

"मले लय झोप येऊन राहिली होती, डोळेच उघडेना. दाराबाहेर काठी वाजली, कोणी माहं नाव घेतलं. एकच हाक होती, पण मले वाटलं तुमीच असान. म्हणून म्हटलं, जागी आहो."

उदेभानच्या हाती काठी कधी नव्हतीच.

तो उठला. रीनाच्या खोलीचं दार ओढून त्यानं बाहेरची बाजू पाहिली. तिथं चुन्याचं बोट होतं. अजून ओलं. अन् त्याच्या खाली, वीतभर अंतरावर, दुसरं एक...

लहान, नातीच्या बोटाएवढं.