पिवळ्या ओढणीची गाठ

मानवतच्या कापूस बाजारामागच्या गल्लीत मैथिलीचं दोन खोल्यांचं भाड्याचं घर होतं. हंगाम सुरू झाला की जिनिंग कारखान्यातले कापसाचे तंतू हवेवर तरंगत घरात यायचे आणि की-बोर्डच्या बटणांत जाऊन बसायचे. रोज सकाळी ती ते जुन्या दात घासायच्या ब्रशनं झटकायची. तिचा नवरा उद्धव परभणीला अप-डाऊन करायचा. तो गेला की मैथिली दाराला आतून कडी घालायची आणि कामाला बसण्याआधी लेकीचा, दीड वर्षाच्या सृष्टीचा, डावा पाय आपल्या कॉलेजातल्या पिवळ्या ओढणीनं खाटेच्या पायाला बांधायची.

ओढणी लांब होती. सृष्टी खिडकीपर्यंत जायची, खेळण्यांपर्यंत पोचायची. गॅसपर्यंत आणि मोरीतल्या बादलीपर्यंत मात्र नाही. एकदा ती बादलीत डोकं घालून ओणवी झालेली सापडली होती, तेव्हापासून हे सुरू झालं होतं. हे सगळं मैथिलीनं स्वतःला नीट पटवलेलं होतं. तरी ओढणी सोडताना घोट्यावरचा लाल वळ तिला बघवायचा नाही. उद्धव यायच्या आत ती खोबरेल लावून तो चोळत बसायची.

कुणालाच माहीत नव्हतं. सासूबाईंना, बायनाबाईंना, तर कळायलाच नको होतं. बोरीहून आल्या की त्यांचं एकच असायचं. "दिसभर त्या डब्याम्होरं बसतीस. पोर मला दे. बोरीला आंगण हाय, गाय हाय, चांगली वाढंल." मागच्या खेपेला त्यांना वळ दिसलाच. "पैंजणाचा आहे, आत्याबाई," मैथिली म्हणाली, आणि ते खरं वाटावं म्हणून त्यांच्यासमोरच तिनं पैंजण काढून ठेवले.

त्या दिवशी सकाळी राजेश्री मॅडमचा फोन आला. परभणीतल्या त्यांच्या बालवाडीची वेबसाईट मैथिली सांभाळायची. 'तुमचं लेकरू, आमचं लेकरू' ही पहिल्या पानावरची ओळ तिचीच होती.

"मैथिली, आपल्या साईटवर जुने थीम पडून आहेत का गं? त्याच्यातून हॅकर शिरायलेत म्हणे. काढून टाक ते."

"काढते, मॅडम."

"सांभाळून, बाई. मागच्या माणसानं काढायला घेतले अन् आख्खी साईट पांढरी करून ठेवली. झालं की सांग, दुपारी मी लॉगिन करून बघते."

थीम म्हणजे वेबसाईटचे कपडे. अंगावर एकच जोड. बाकीचे खुंटीला टांगलेले, आणि ओळखू यावं म्हणून प्रत्येकाचं एक छोटं चित्र. मैथिलीनं सृष्टीच्या हातात डब्याचं झाकण दिलं आणि काम रीतसर सुरू केलं. आधी साऱ्या साईटचा बॅकअप घेतला, जशीच्या तशी प्रत. अंगावरची थीम सोडली, अडीनडीला एक साधी ठेवली. मग एकेक काढायची, साईट उघडून बघायची, मग पुढची. फुलपाखरांची गेली. इंद्रधनुष्याची गेली. शेवटी एक उरली, तिला नावच नव्हतं.

तिचं चित्र करडं होतं. मैथिलीला आधी वाटलं, चित्र आलंच नसेल. तिनं तोंड जवळ नेलं. फरशी होती. लोखंडी खाटेचा निळा पाय. त्याला काहीतरी पिवळं गुंडाळलेलं.

स्वस्तातल्या फरश्या सगळीकडे सारख्याच असतात, ती स्वतःशी म्हणाली. पण निळ्या रंगाचा पोपडा जिथं उडाला होता तिथं गंजाचा ठिपका होता, आणि तो तिच्या ओळखीचा होता. चित्र खालून घेतलेलं, रांगत्या लेकराच्या नजरेतून. लॅपटॉपचा कॅमेरा तर वर टेबलावर होता. तिनं तारीख पाहिली. थीम साईटवर चढवली तेव्हा तिचं लग्नही झालेलं नव्हतं.

तिनं पान पुन्हा उघडलं. आता चित्रात एक छोटा पाय होता, ओढणीच्या वेढ्यात.

भीती नंतर वाटली. आधी वाटली ती लाज. दुपारी मॅडम हे बघणार.

तिनं डिलीट दाबलं. खरंच काढायचं का, असं विचारलं गेलं. तिनं हो म्हटलं.

मागे वाजणारं झाकण थांबलं.

मैथिली वळली. ओढणी खाटेला बांधलेली होती. वेढा फरशीवर पडला होता, घोट्याएवढाच, आणि गाठ सुटलेली नव्हती. सृष्टी नव्हती.

खाटेखाली नव्हती. मोरीत नव्हती, बादलीत नव्हती. दाराची कडी आतून होती. मैथिलीला किंचाळायचं होतं. पण शेजारच्या बाया धावत आल्या असत्या, आणि त्यांना आधी ती ओढणी दिसली असती. ती तोंडावर हात दाबून उभी राहिली.

मग तिला बॅकअप आठवला. तिनं त्यातून ती थीम उचलून होती तिथं ठेवली. चित्र परत आलं, आणि मागे झाकण वाजलं.

सृष्टी खाटेपाशी बसली होती, पाय वेढ्यात. मैथिलीनं गाठ सोडली, तिला छातीशी धरलं, आणि ओढणी ट्रंकेच्या तळाशी कोंबली.

दुपारच्या एसटीनं बायनाबाई आल्या, पिशवीभर शेंगा घेऊन. नातीला मांडीवर घेऊन शेंगा सोलत बसल्या. तेवढ्यात फोन वाजला.

"मस्त काम केलंस गं," राजेश्री मॅडम म्हणाल्या. "पण एक राहिलंय. बिननावाचं."

"ते राहू द्या, मॅडम."

"राहू द्या काय? त्याच्यावर हे लेकरू कुणाचं? आपल्या बालवाडीतलं तर नाही. खाटेला बांधलंय बघ त्याला! कसली आई असंल. रडून रडून तोंड लालेलाल झालंय."

बायनाबाईंचे हात थांबले. आवाज त्यांच्यापर्यंत जात होता.

"पायाला वळ उठलाय गं. ओळखतीस का तू?"

मैथिलीनं मांडीवरच्या सृष्टीकडे पाहिलं. इथंच तर आहे. डोळ्यांसमोर.

"नाही, मॅडम," ती म्हणाली. "कुणाचं कुणास ठाऊक."

"मग मीच काढते. आपल्या साईटवर असलं नको, बाई."

फोन बंद झाला. मैथिली सृष्टीवरून नजर न हलवता उभी राहिली. काहीच झालं नाही. सृष्टी मांडीवरच होती. बायनाबाई पुन्हा शेंगा सोलू लागल्या.

"पैंजण काढलंस ते बरं केलंस," त्या म्हणाल्या. "वळ साफ गेला बघ."

सकाळी तो लाल होता. मैथिलीनं खाली बसून डावा पाय हातात घेतला. मग उजवा. दोन्ही घोटे गुळगुळीत होते.

"आन लय गुणाची झालीय. आल्यापसून बघते, एकदा बी रडली न्हाई."

सृष्टी मैथिलीकडे बघत होती, नव्यानं घरात आलेल्या पाहुणीकडे बघावं तशी.

मैथिली टेबलापाशी गेली. बॅकअप उघडून ती थीम तिनं पुन्हा जागेवर ठेवली.

चित्र आलं. फरशी. निळा पाय. ट्रंकेच्या तळाशी असलेली पिवळी ओढणी, इथं मात्र खाटेच्या पायाला बांधलेली.

वेढा फरशीवर रिकामा पडला होता. गाठ सुटलेली नव्हती.